चिमीचे वाल आणि माईंचा आवाज

"खा रे मेल्या, खा! पेरू आहे, विष नाही!"

पाटलांच्या कुंपणाला रेलून तुम्ही ओरडत होतात, माई. एका हातात पेरू, कडेवर आमची चिमी, आणि समोर पिंजऱ्यात पाटलांचा पोपट तुमच्याकडे पाठ करून बसलेला. तुमचा आवाज असा लागला होता की कोपरच्या खाडीवरचे बगळे उडाले आणि कल्याणला उभ्या असलेल्या मालगाडीच्या ड्रायव्हरने गार्डाने शिटी मारली असं समजून गाडी सोडून दिली. (हे मी नंतर आळीभर सांगितलं. तुम्ही कपाळाला हात लावलात, पण खोटं आहे असं काही म्हणाला नाहीत.)

"माई, नका वरडू त्याला," पाटील ओट्यावरून म्हणाले. "मिरच्या खाल्ल्यान सकाली, प्वाट भरलाय त्याचा."

"त्याला जेवायला कोण बोलावतंय? नुसता दात लाव म्हणावं पेरूला."

"पोपटाला दात कुठं असतान माई?"

"मग चोच लाव म्हणावं! माझी नात बोलायची खोळंबलीय त्याच्यापायी!"

चिमी तिसऱ्या वर्षात होती आणि तिच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. पोपटाने उष्टावलेला पेरू न बोलणाऱ्या पोराला चारला की त्याला वाचा फुटते, हे तुमच्या गावापासून आमच्या डोंबिवलीपर्यंत सगळ्या बायकांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या पोपटाला. शेवटी तो वळला आणि चावला. पेरूला नाही, तुमच्या बोटाला. तुम्ही एक शिवी दिलीत, बोट पदराने पुसलंत आणि म्हणालात, "चोच पेरूला घासून गेलीय, मी पाहिलंय. झालं काम." तो पेरू चिमीने खाल्ला. आणि महिन्याभरात वाचा फुटली ती पोपटाला. सकाळ झाली की पाटलांच्या ओट्यावरून तुमच्या आवाजात गर्जना व्हायची, "खा रे मेल्या, खा!"

माई, परवा तुमचं तेरावं झालं. हे वाक्य मी लिहिलंय खरं, पण मला ते वाचता येत नाही. जिच्याकडे सर्दी आली तरी आवाज ऐकून उंबऱ्यावरूनच परत फिरायची, ती बाई सकाळचा चहा पिते, माझ्या चहात साखर कमी म्हणून नाव ठेवते, आणि दुपारच्या जेवणाला नसते. हे काय आहे? अशी गोष्ट मी कुणाला सांगितली असती तर लोक म्हणाले असते, शांता, आता मात्र अति झालं.

आणि म्हणालेच ते. पण ते पुढे सांगते.

आपलं तसं जमायचं कारण एकच, आपल्या दोघींनाही हळू बोलता येत नव्हतं. तुम्ही ओरडायच्यात, मी वाढवून सांगायची. तुमचा मुलगा, म्हणजे आमचे हे, आपल्या दोघींच्या मध्ये पाट मांडून जेवायचे आणि मान खाली घालून कचेरीत जायचे. लग्नानंतर वर्षभर मला वाटत होतं की ते मुके आहेत आणि तुम्ही मला फसवलंत. म्हणूनच चिमी बोलेना तेव्हा आळीतल्या बायका म्हणायच्या, "बापावर गेलीय." मीही हसायची. मी तर प्रत्येकीला निराळी हकिगत सांगायची. एकीला सांगितलं, आमच्या माहेरी सगळे पाचव्या वर्षी बोलतात, माझे आजोबा तर पहिलं वाक्य बोलले ते थेट कोर्टात. दुसरीला सांगितलं, ती बोलते हो, फक्त परक्यासमोर नाही. तुम्ही दाराआड उभ्या राहून ऐकायच्यात आणि नंतर म्हणायच्यात, "आजोबा कोर्टात बोलले हे बरं होतं. परवा तेच सांग त्या शेजारच्या गोदीला."

पण घरात, दार लागल्यावर, मला हसू येत नव्हतं. गोदाकाकूंच्या पुतणीचं मूल चिमीच्या मागून जन्मलं आणि पुढे निघून गेलं. ते उभं राहिलं तेव्हा चिमी बसत होती. ते पळालं तेव्हा चिमी भिंतीला धरून उभी. तिला हाक मारली की ती वळायची, माझ्याकडे बघायची, हसायची, आणि तिथेच थांबायची. जणू पुढचं पान तिला कुणी दाखवलंच नव्हतं. चमचा हातात दिला की तो हातातच. मी एकदा तुम्हाला म्हटलं, "माई, ही मंद—"

"तो शब्द या घरात नको." तुम्ही ओरडला नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी हळू बोललात, आणि मी घाबरले. मला वाटलं, नात लाडकी म्हणून.

मग काय काय केलं नाही आपण! वेखंड मधात उगाळून जिभेला लावलं. कळव्याच्या एका बुवांनी अंगारा दिला, विठ्ठलवाडीच्या एका म्हातारीने चिमीच्या गुडघ्यांना कसलंसं तेल चोळायला सांगितलं, त्याचा वास एवढा उग्र की आळीतल्या मांजरांनी स्थलांतर केलं. ठाण्याच्या एका डॉक्टरांनी चिमीच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि लोहाचं टॉनिक लिहून दिलं. ते टॉनिक चिमीने तुमच्या पांढऱ्या लुगड्यावर थुंकलं, तो डाग गेला नाही. तुम्ही तेच लुगडं नेसून सगळीकडे जायच्यात आणि कुणी विचारलं तर सांगायच्यात, "ठाण्याचं औषध आहे, अंगाला लागलंय."

वर पुन्हा मला म्हणायच्यात, "मूल आहे शांते, भाकरी नव्हे, फुगली नाही म्हणून उलटून बघायला." म्हणजे उपाय सगळे करायचे, पण काळजी करायची नाही. काळजीचं नाव काढलं की तुम्ही भांडायच्यात. मी म्हणायची, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात दाखवू. तुम्ही म्हणायच्यात, मुंबईचे डॉक्टर शिंक आली तरी पोट फाडतात. शेवटी यांनीच एक दिवस ताटावरून मान वर केली आणि म्हणाले, "बुधवारी जायचं. मी रजा टाकलीय." आपण दोघी इतक्या दचकलो की कुणी वादच घातला नाही.

मुंबईच्या इस्पितळातले ते म्हातारे डॉक्टर तुम्हाला आठवत असतील. त्यांनी चिमीसमोर लाकडाचे ठोकळे ठेवले आणि एकावर एक रचून दाखवले. चिमीने एक ठोकळा उचलला, तुमच्या ओंजळीत आणून ठेवला आणि तुमच्या गालाला हात लावला. त्यांनी तिची नजर पाहिली, कान पाहिले, तिला चालवून पाहिलं. मग यांच्याकडे न बघता, माझ्याकडे न बघता, तुमच्याकडे बघून म्हणाले, "हिची वाढ सावकाश आहे, आजी. हातापायांची आणि समजेचीही. सावकाशच राहील. याला औषध नाही."

"औषध नाही, मग डॉक्टर कशाला?"

मला वाटलं, आता बाहेर काढतात. ते हसले. "हे सांगायला. इतर मुलं बघून बघून शिकतात. हिला बघून जमत नाही. हिचा हात हातात धरून शिकवावं लागेल. एकच गोष्ट घ्यायची, रोज तीच, शंभरदा. आली की दुसरी. आणि चिडायचं नाही."

"शेवटचं जरा कठीण आहे," तुम्ही म्हणालात. "बाकी जमेल."

बाहेर आल्यावर मी इस्पितळाच्या पायरीवर बसून रडले. हे पाण्याचा तांब्या शोधायला गेले. तुम्ही उभ्या राहून मला म्हणालात, "रडतेस कशाला? तीच गोष्ट रोज शंभरदा सांगायची, एवढंच ना? सुनेला काय वेगळं करतो आपण?"

रडता रडता मला हसू फुटलं, माई. त्या पायरीवर त्या दिवशी माझा जीव गेला असता तो तुमच्या टोमण्याने परत आला. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही रोज एक टोमणा जास्त मारला असता.

एक गोष्ट मात्र तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढे जड जायला लागलं तर अशा मुलांना ठेवून घेणारी एक जागा आहे, तिथे शिकवतातही. तुम्ही मागे उभ्या होतात. परतीच्या वाटेवर डोंबिवली येईपर्यंत तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. मी यांना म्हटलं, माईंना ताप आलाय का बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही वाल घेऊन बसलात. आदल्या रात्री भिजवलेले नव्हेत, आधीच मोड काढून फडक्यात बांधलेले. म्हणजे डॉक्टरांकडे जाण्याआधीच तुम्ही ते भिजत घातले होते. तुमच्या मते जगात काहीही होवो, वालाचं बिरडं व्हायलाच हवं. कोमट पाण्याची परात, त्यात मोड आलेले वाल, आणि मांडीवर चिमी. तुम्ही तिचा अंगठा आणि बोट आपल्या चिमटीत धरलंत, त्या चिमटीत एक वाल ठेवलात आणि दाबलात. सालीतून सोललेली डाळिंबी सटकली ती थेट यांच्या चष्म्यावर. चिमी हसली. खदखदून. असं ती कधी हसली नव्हती.

"बघितलंस?" तुम्ही ओरडलात. "हेच ते. ठोकळे कशाला हवेत!"

मग सुरू झालं. रोज वाल. तिचा हात तुमच्या हातात, दाब, फट्, डाळिंबी छताला. दाब, फट्, डाळिंबी माझ्या कपाळाला. तुम्ही चिडायच्यात, नाही असं नाही, पण चिमीवर नाही. वालांवर, सालींवर, माझ्यावर, सरकारवर. आणि घरात रोज बिरडं. सकाळी बिरडं, रात्री बिरडं, यांच्या डब्यात बिरडं. कचेरीतले लोक यांना लांबून वास घेऊन ओळखायला लागले. आम्ही एवढे वाल खाल्ले की मला वाटतं माझ्या पुढच्या जन्मी मला मोड येतील. एका रात्री यांनी ताटाकडे बघून विचारलं, "आजही?" आयुष्यात त्यांनी केलेली तेवढी एकच तक्रार.

घरचे वाल संपले. तुम्ही चिमीला कडेवर घेतलंत आणि आळीत निघालात. "काय गं, वाल भिजवलेत का? आण इकडे, आमची चिमी सोलून देते." लोकांना वाटलं म्हातारीला वेड लागलं. पण फुकट वाल सोलून मिळत असतील तर वेडाला कोण नाही म्हणतं? एका घरात तुम्ही बसलात, मग दुसऱ्या. दुपारी बायका एकमेकींच्या पडवीत सोलायला, निवडायला बसतातच, त्यात तुम्ही चिमीला घुसवलंत. आधी त्या तिच्याकडे बघायच्या आणि मग एकमेकींकडे. तुम्ही म्हणायच्यात, "बघायचं असेल तर नीट बघा, आणि बघून झालं असेल तर हात चालवा."

आणि मग गोदाकाकू. त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. तुम्ही चिमीला घेऊन त्यांच्या दारात गेलात तर त्या आडव्या उभ्या राहिल्या. "माई, वाईट वाटून घेऊ नका हो. पण मुलगी पोटुशी आहे. रोज हिला बघेल, आणि काही तसंच..."

मी मागेच होते. मला वाटलं तुम्ही आता गोदाकाकूंना उचलून विहिरीत टाकाल, आणि मी हात द्यायला तयार होते. तुम्ही त्यांच्या पायरीवर बसकण मारलीत. परात समोर, चिमी मांडीवर.

"गोदे," तुम्ही आवाज लावलात, आळीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असा, "तुझी मुलगी जन्मल्यापासून रोज तुझं तोंड बघतेय. त्याच्याहून वाईट आता काय व्हायचंय?"

आतून खिदळण्याचा आवाज आला. ती गोदाकाकूंची मुलगी होती. पोट धरून दाराशी आली आणि म्हणाली, "आई, येऊ दे गं त्यांना, मला हसवतात त्या." तरी गोदाकाकू दारातून हलल्या नाहीत. तुम्हीही पायरीवरून हलला नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पायरी. तिसऱ्या दिवशी पायरी. त्या पायरीवर तुमच्या बसण्याने खळगा पडलाय, हवं तर कुणीही जाऊन बघावं. शेवटी उन्हाचा कडाका झाला आणि गोदाकाकू आतून म्हणाल्या, "मरा, या आत. सावलीत बसा." त्यांच्या मुलीला मुलगा झाला, गोरापान आणि सशासारखा धडधाकट. पाळण्याच्या शेजारी बसून चिमीने बाळंतिणीच्या घरचे वाल सोलले. तेव्हा ती स्वतःच्या हाताने सोलत होती, माई. तुमचा हात नुसता जवळ असायचा. आणि प्रत्येक डाळिंबीला ती म्हणायची, "फट्."

तो शब्द आहे की नाही यावर आपलं भांडण झालं. तुम्ही म्हणालात, शब्द आहे. मी म्हटलं, आवाज आहे. तुम्ही म्हणालात, तू दिवसभर काय काढतेस मग?

पण खरं भांडण दुसरं होतं, आणि ते मिटलं नाही. चिमी चौथ्या वर्षात गेली. वाल सोलता आले म्हणजे सगळं आलं असं नव्हे, हे मला दिसत होतं. तिला अजून लंगोट लागायचा. रस्त्यावर पोरं तिच्या चालण्याची नक्कल करायची. मी डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या जागेची चौकशी केली होती आणि ते तुम्हाला कळलं होतं. त्या शेवटच्या संध्याकाळी मी म्हटलं, "एकदा बघून तर येऊ, माई."

"बघायला काय, गुरांचा बाजार आहे?"

"तिथे शिकवतात. इथे तुम्ही आहात म्हणून चाललंय. उद्या?"

"उद्या मी आहे."

"परवा?"

"परवाही आहे. तुला पोचवून येईन, मग निवांत जाईन."

"मला पोचवलंत तर चिमीला कोण बघेल?"

"मीच! तुझ्याहून बरी बघेन."

मी हसले. म्हटलं, माई, ही थाप माझ्याहून मोठी झाली. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही कंदिलाची काच पुसत होतात, ती पुसायची थांबलात आणि म्हणालात, "एकदा माणूस नजरेआड ठेवलं की ठेवणाऱ्यालाच विसर पडतो, शांते."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. वाल उपसून ठेव."

हे आपलं शेवटचं बोलणं. चहातली साखर सोडली तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी होते. मागच्या पडवीतून चिमीचं "फट्" ऐकू येत होतं. मग बराच वेळ आलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तुम्ही ओरडत नव्हतात. चिमीवर नाही, कावळ्यावर नाही, माझ्या फोडणीच्या वासावर नाही. हे घर बांधल्यापासून तिथे एवढी शांतता झाली नसेल. मी पळी हातात घेऊनच बाहेर आले.

तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. डोळे अर्धे मिटलेले. समोर परात. आणि चिमी तुमच्या मांडीजवळ गुडघ्यांवर उभी राहून तुमचा अंगठा आणि बोट धरून एका वालावर ठेवत होती. दाबत होती. ते सुटून पडत होतं. पुन्हा उचलून ठेवत होती. दाबत होती. चिडत नव्हती.

माई, मी हे वाढवून सांगत नाहीये. याच्यात वाढवण्यासारखं मला काही सापडत नाही.

मी गोदाकाकूंकडे धावले. त्या तांदूळ पाखडत होत्या. "काकू, माई गेल्या!"

"कुठे गेल्या?"

"गेल्या हो! गेल्या!"

"परवा म्हणालीस विहिरीत मगर आलीय. त्याच्या आधी म्हणालीस कल्याणच्या कॅम्पातल्या सिंध्याने तुला रेशमी पडदे भेट दिले." त्यांनी सूप झटकलं. "आल्या की विचार त्यांना, विरजण नेऊन कुठे ठेवलंय माझं ते."

माझ्या हातात अजून पळी होती, तिच्यावरून तेल ठिबकत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पळीकडे पाहिलं, आणि सूप त्यांच्या हातून पडलं. पाटलांकडे सांगायला गेलेला माणूस परत आला आणि म्हणाला, पाटील विचारतायत, शांताबाईंनी सांगितलंय की आणखी कुणी? यांना कचेरीत निरोप गेला. ते आले, तुमच्या पायाशी बसले आणि बोलू लागले. थांबेचनात. तुमच्याशी एवढं बोलले, माई, की मी मोजलं असतं तर त्यांच्या सगळ्या जन्माचं निघालं असतं. तुम्हाला ऐकायला उशीर झाला. त्यांनाही.

मला अजून काही कळत नाही. मी दोन चहा करते. साखर जास्त घालते. एकदा मागे वळून म्हटलंही, "घ्या, आता तरी गोड झालाय का सांगा," आणि मग कपाकडे बघत उभी राहिले. परगावच्या बायका समाचाराला आल्या. त्या म्हणाल्या, भाग्यवान हो, हालअपेष्टा नाहीत. मी मान हलवली. भाग्य? तुम्ही हालअपेष्टा काढल्या असत्यात तर मला भांडायला वेळ तरी मिळाला असता. आणि तुम्हाला नेलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी अंगण झाडत होते तेव्हा तुम्ही ओरडलात. अगदी स्पष्ट. "खा रे मेल्या, खा!" मी झाडू टाकून धावले, माई. लाज सोडून, कुंपणापर्यंत धावले. पाटील पिंजऱ्यावर फडकं टाकत होते. मला बघून ते रडायला लागले. "माई, माई करतंय सकालपासना," म्हणाले. पोपट माई म्हणत नव्हता, पण मी त्यांची थाप खपवून घेतली.

चिमी रोज सकाळी पडवीत जाते. भिंतीपाशी बसते. परात नसली तरी बसते. सुतकात गोदाकाकू पिठलं-भात आणून द्यायच्या, चौथ्या की पाचव्या दिवशी त्या ताट ठेवून जाताना म्हणाल्या, "हिला देतेस का? घरी सोलायला बसवते." मी दिली. संध्याकाळी त्या तिला परत आणून सोडताना म्हणाल्या, "आमच्या वालांच्या साली डोक्यावर घेऊन आलीय, बघ." हे तुमचं. हे सगळं तुम्ही करून ठेवलंत. पण मी एवढाच विचार करत बसते की गोदाकाकूंचे वाल किती दिवस पुरतील. पाहुणे आले, लग्नकार्य निघालं, तर? मोठी झाल्यावर कोण तिला पडवीत घेईल? तेराव्यापर्यंत डॉक्टरांनी सांगितलेल्या जागेचा पत्ता माझ्या डब्यात होता. तुमचं नाही म्हणणं माझ्या डोक्यात होतं. आणि तुम्ही का नाही म्हणत होतात, हे मात्र तुम्ही सांगितलं नाहीत.

तेराव्याला तुमचे धाकटे भाऊ गावाहून आले. बोटीने, मग गाडीने, हातात फणसाची साटं. जेवणं झाल्यावर ते ओटीवर सुपारी कातरत बसले होते. चिमी त्यांच्या समोर खाली बसून एक रिकामी वाटी फिरवत होती. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि मग, गावची पाऊसपाण्याची गोष्ट सांगावी तसं, म्हणाले, "आमच्या धाकटीसारखी आहे ही. तंतोतंत."

"कोण धाकटी, मामा?"

"आमची. माईच्या पाठची."

"माईंना बहीण होती?"

"होती ना. अशीच. बसायची, हसायची. बोलली नाही कधी. मागच्या खोलीत ठेवलेली. कुणी आलं-गेलं की वडील दार लावून घ्यायचे. माई ताट न्यायची तिचं, हात धरून भरवायची, तासन् तास. आई ओरडायची, कामं पडलीत म्हणून." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "माईचं लग्न झालं त्या दिवशीही दार लावलेलं. निघायच्या वेळी माईनं धिंगाणा घातला, दार उघडा म्हणून. तुम्हाला तिचा आवाज माहीत आहे. पण वऱ्हाड उभं होतं, कोण उघडणार? मग पुढे एक-दोन पावसाळ्यांत गेली ती. आम्ही काही कळवलं नाही माईला. माहेरपणाला आली तेव्हा तिनं बघितलं, खोलीत लाकडं भरलेली."

मी गप्प बसले, माई. मी! ज्या बाईला मगर, मालगाडी, मांजरं, सगळं सुचतं, ती. इतकी वर्षं एका चुलीशी बसून मी तुम्हाला जगातल्या सगळ्या खोट्या गोष्टी सांगितल्या आणि तुम्ही ऐकल्यात, हसलात, वर मला आणखी सुचवल्यात. तुमच्याकडे एक खरी होती, ती मात्र तुम्ही मला दिली नाहीत. मागे हात धरून भरवायच्यात ते, पुढे चिमीचा अंगठा धरलात तो. डॉक्टर तुम्हाला काय शिकवत होते हो? आणि मी त्या संध्याकाळी हसले. तुम्ही तेव्हा एकदा तिचं नाव घेतलं असतंत तर मी तो पत्ता तिथेच चुलीत घातला असता. आता घातलाय. मामा गावी परतल्यावर पहिलं काम तेच केलं.

पण तेव्हा, ओटीवर, मी चिमीकडे बघत होते. चिमीची वाटी फरशीवर वाजत होती. मला वाटलं, निदान तुमच्या फोटोसमोर चिमीला बसवून तिला सांगावं, तुझ्या आजीला अशी एक बहीण होती, तिला अमुक म्हणायचे. म्हणून मी विचारलं, "मामा, नाव काय हो तिचं?"

त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"असेल काहीतरी," ते म्हणाले. "तिला हाक कोण मारायचं?"